चातुर्मासाचे नेम, एकादशीचं ताट आणि पोषण संस्थेची नवी मार्गदर्शिका

शेवंती | गुरु, ०३/०७/२०२५ - १०:१४

रविवारी आषाढी. चातुर्मास सुरू होतोय, म्हणून हा धागा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शिका काढली. एकूण १७ सूत्रं आहेत. २००० कॅलरीच्या दिवसाचं ताट असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४०० (त्यात पालेभाजी १००), फळं १००, दाणे-तीळ-बदाम वगैरे ३५, तेल-तूप २७ ग्रॅम, आणि दूध किंवा दही ३०० मिलि. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत.

आता एकादशीला धान्य आणि डाळ वर्ज्य. म्हणजे या ताटातले फक्त दोन गट गेले. तेल-तूप सोडलं तरी भाज्या, फळं, दूध, दाणे हे चार गट शिल्लक राहतात. प्रत्यक्षात मात्र ताटात येतं काय? साबुदाणा, बटाटा, तूप आणि साखर. माझं म्हणणं असं की व्रताचे नियम आणि मार्गदर्शिका यांच्यात भांडण नाहीच. भांडण आहे ते आपण रूढ केलेल्या फराळाचं, आणि तेही दोघांशी.

खिचडीचाच हिशेब घ्या. एका माणसाला ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, ६० ग्रॅम बटाटा, १५ ग्रॅम तूप. साधारण ५५० कॅलरी आणि प्रथिनं ८ ग्रॅम, तीसुद्धा जवळजवळ सगळी कुटातली. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नाहीत, चोथा नाही.

प्रश्न दोन. नेम न मोडता एकादशीला डाळीची भरपाई कशी करायची? आणि चार महिन्यांच्या चार व्रतांमध्ये एकेक गट महिनाभर जातो, त्याचं काय?

---

कडेकपारी | गुरु, ०३/०७/२०२५ - १०:४०

एकादशी अन् दुप्पट खाशी! म्हण उगाच पडलेली नाही. :)

---

पिंपळपान | गुरु, ०३/०७/२०२५ - ११:२२

शेवंती, मूळ मुद्द्याला सहमत, पण शास्त्राची बाजू आधी नीट मांडू.

व्रतात आहाराच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. एकभुक्त म्हणजे दिवसा एकदाच जेवणं. नक्त म्हणजे दिवसभर थांबून रात्री एकदा. अयाचित म्हणजे न मागता मिळेल तेवढंच. आणि उपोषण म्हणजे काहीच नाही. ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यावी. फराळाचं ताट यात कुठेही नाही. ती सवलत आहे, आणि तिचाही आधार स्पष्ट आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी दिल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य (यज्ञात अर्पण करायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. पहिल्या चारांत पुरेसं अन्न आहे.

तळलेला वडा या आठांत कुठे बसतो ते सांगणाऱ्याने सांगावं. आणि हो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, कसावा ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. त्यामुळे ‘परंपरेने साबुदाणाच’ हा आग्रह फार जुना असूच शकत नाही. कंद चालतो हे तत्त्व जुनं, हा विशिष्ट कंद नवा.

---

चंद्रभागा | गुरु, ०३/०७/२०२५ - ११:५८

थोडा वेगळा सूर लावते.

उपवास पोषणासाठी नसतो. नामस्मरणासाठी, इंद्रियांना आवर घालण्यासाठी असतो. वर्षाला २४ एकादशा, अधिक मासाच्या वर्षी २६. तेवढ्या दिवसांत प्रथिनं १५ ग्रॅमने कमी पडली म्हणून निरोगी माणसाचं काहीही बिघडत नाही. मार्गदर्शिकेतलं ताट रोजच्या सरासरीचं आहे, प्रत्येक तिथीला तोलून भरायचं नाही. एकादशीलाही ग्रॅम मोजत बसलो तर लक्ष पुन्हा जेवणातच.

---

आहार_मिरज | गुरु, ०३/०७/२०२५ - १२:४५

चंद्रभागाताई, निरोगी प्रौढाच्या एका दिवसाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण तीन ठिकाणी हा युक्तिवाद टिकत नाही. एक, आठवड्याला दोन-तीन उपवास करणारे (सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष). दोन, नवरात्राचे सलग नऊ दिवस. तीन, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि सत्तरीपुढचे.

शेवंतींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत. प्रथिनांची रोजची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या व्यक्तीला सुमारे ४६. एकादशीच्या नियमात राहून:

राजगिरा पीठ ६० ग्रॅम – ८
वरी ५० ग्रॅम – ४
शेंगदाणे ३० ग्रॅम – ७
दूध, दही, ताक मिळून ५०० मिलि – १६
भाज्या ४०० ग्रॅम (लाल भोपळा, काकडी, सुरण, चालत असेल तर राजगिऱ्याची पालेभाजी) – ६

बेरीज ४१. उरलेले पाच ग्रॅम सोडून द्या, त्यासाठी जिवाचा आटापिटा नको. साबुदाणा या यादीतून पूर्ण गायब आहे आणि त्याच्या जाण्याने काहीही कमी झालेलं नाही. वर राजगिऱ्यातून लोह आणि कॅल्शियम मिळतं ते वेगळंच.

---

तांबडी_माती | गुरु, ०३/०७/२०२५ - १३:०५

आमच्याकडे वरी धान्यच मानतात, एकादशीला चालत नाही. शिवरात्रीला चालते.

---

पिंपळपान | गुरु, ०३/०७/२०२५ - १३:१९

तांबडी_माती, बरोबर आहे. वरी हे तृणधान्यच आहे, त्यामुळे तुमच्या घरचा नेम जास्त काटेकोर. अशा घरांनी वरी वगळून राजगिरा ९० ग्रॅम करावा. राजगिरा गवताच्या कुळातला नाही. भेंडी, टोमॅटो, जिरं, कोथिंबीर यांवरही घरोघरी वेगळे नियम आहेत. कुळाचार पाळावा, वाद घालू नये.

---

सुगरण_नाशिक | गुरु, ०३/०७/२०२५ - १५:३०

राजगिऱ्याचं थालीपीठ तुटतं अशी तक्रार नेहमी असते, म्हणून सविस्तर लिहिते.

दोघांसाठी १२० ग्रॅम पीठ, २०० ग्रॅम किसलेला लाल भोपळा, ३० ग्रॅम कूट, जिरं, मिरची, सैंधव. राजगिऱ्यात ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ गव्हासारखं चिकट होत नाही आणि उलटताना भेगा पडतात. उपाय भोपळ्यातच आहे. कीस आधी दोन चमचे पाण्यात झाकून तीन-चार मिनिटं वाफवायचा, गरम असतानाच त्यात पीठ मिसळायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. उष्णतेने पिठातला स्टार्च थोडा फुगतो आणि गोळा बांधला जातो. वरून पाणी घालायचं नाही, लागलंच तर एक चमचा दही. ओल्या फडक्यावर थापून गार तव्यावर टाकायचं आणि मग आच लावायची. तूप थालीपिठाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम पुरतं. एक बाजू पूर्ण सुटल्याशिवाय उलथणं घालू नका. घाई केली की तुटलंच.

खिचडी हवीच असेल तर साबुदाणा निम्मा करा. ३० ग्रॅम साबुदाणा, त्यात १०० ग्रॅम काकडीचा घट्ट पिळलेला कीस आणि ३० ग्रॅम कूट. साबुदाणा पाणी निवळेपर्यंत तीनदा धुवायचा, नाहीतर बाहेरचा मोकळा स्टार्च चिकटून गोळा होतो. नंतर दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार ते सहा तास. बोटात दाबल्यावर दाणा पूर्ण चुरडला पाहिजे. मध्ये कडक कणी राहिली तर पाण्याचा हबका मारून आणखी अर्धा तास. काकडी शेवटी, गॅस बंद करताना. आधी घातली तर पाणी सुटून लगदा होतो.

---

सायली_ठाणे | गुरु, ०३/०७/२०२५ - १५:४८

वाचनखूण साठवली. भोपळा वाफवून घ्यायची युक्ती मस्त.

---

निरीक्षक | गुरु, ०३/०७/२०२५ - १६:२०

भगरीबद्दल (म्हणजे वरीबद्दल) सावधगिरीचं. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात, आणि अन्न व औषध प्रशासन त्याआधी सूचना काढतं. कारण बुरशी. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्यं तयार करते. चक्कर, उलट्या, हातपाय थरथरणं ही लक्षणं. ही विषं शिजवून हमखास जातील असं धरून चालू नये, म्हणून ‘नीट उकळली की झालं’ हा समज धोक्याचा.

सुटी भगर घेऊ नका. पाकिटावर परवाना क्रमांक आणि मुदत पाहा. सर्वात महत्त्वाचं म्हणजे भगरीचं तयार पीठ टाळा. पीठ हवेतला ओलावा लवकर ओढतं आणि जुनं आहे की नवं ते डोळ्यांना कळत नाही. अख्खी भगर आणून निवडायची, धुऊन कडकडीत वाळवायची आणि लागेल तेवढीच दळायची. कुबट वास आला तर फेकून द्यायची. बिलही जपून ठेवा.

---

आहार_मिरज | गुरु, ०३/०७/२०२५ - १७:०२

निरीक्षक यांच्या प्रतिसादाला +१. सैंधवाबद्दलही लिहायला हवं, कारण उपवासाला ते ‘हलकं’ म्हणून सढळ हाताने पडतं. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबवाल्यांना सूट नाही, ५ ग्रॅमची मर्यादा त्यालाही लागू. शिवाय त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं, म्हणून उपवासापुरतं ठीक, पण बारा महिने तेच वापरू नका.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी: रताळं, बटाटा, केळं, नारळपाणी, खजूर हे सगळे भरपूर पोटॅशियमचे, आणि उपवासाला नेमके हेच एकत्र येतात. बटाटा सोलून बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात भिजवायचा, ते पाणी टाकून पुन्हा भरपूर पाण्यात उकडायचा आणि तेही पाणी काढून टाकायचं. पोटॅशियम कमी होतं, पूर्ण जात नाही. नारळपाणी मात्र नकोच.

मधुमेही: इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) चालू असेल तर डोस तोच ठेवून जेवण गाळणं सर्वात धोक्याचं. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ज्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात (डापाग्लिफ्लोझिन वगैरे), त्यांवर असताना निर्जळी करू नये. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, मनाने नाही.

---

पिंपळपान | गुरु, ०३/०७/२०२५ - १७:१५

आणि ‘गोळी घेतली तर उपवास मोडेल’ असं म्हणणाऱ्या आजी-आजोबांना आठवी गोष्ट सांगा: औषध. व्रत मोडत नाही.

---

नूर_मालेगाव | गुरु, ०३/०७/२०२५ - १८:४०

रमजानमध्येही हाच प्रश्न असतो, म्हणून लिहिते. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात (१८४-१८५) आजारी आणि प्रवासी यांना सूट स्पष्ट दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. मधुमेहींसाठीच्या वैद्यकीय सूचनांनुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. बोट टोचून तपासण्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात.

चुकतं ते इफ्तारला. खजूर एक ते तीन पुरे. त्यावर सरबत, भजी आणि समोसे आले की २५ ग्रॅम साखर आणि २७ ग्रॅम तेल पहिल्या पंधरा मिनिटांतच संपतं. खजूर आणि पाणी, मग नमाज, मग जेवण, हा क्रम पाळला तर मधल्या वेळात भुकेचा जोर ओसरतो. सहरीला पावाऐवजी भाकरी, डाळ किंवा अंडं आणि दही. पाणी इफ्तार ते सहरी थोडं थोडं. शेवटच्या पाच मिनिटांत चार ग्लास प्यायलं तर ते टिकत नाही.

---

आयंबिल | गुरु, ०३/०७/२०२५ - १९:२५

जैन आयंबिल तर शेवंतींच्या ताटाच्या बरोबर उलट बाजूला आहे. चैत्र आणि आश्विनातल्या ‘ओळी’त (आयंबिलाच्या सलग व्रतात) नऊ दिवस दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण. धान्य आणि कडधान्य चालतं. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, हिरव्या भाज्या आणि फळं वर्ज्य. पाणी उकळलेलं आणि सूर्यास्ताआधीच.

म्हणजे प्रथिनं मिळू शकतात. मूग, उडीद, हरभरा आहेत. कमी पडतं ते स्निग्ध आणि क जीवनसत्त्व. नऊ दिवस निरोगी माणसाला निभतात, पण एका बैठकीत नुसता भात किंवा खाकरा खाऊन उठू नये. मुगाचं घट्ट वरण, उडदाचं काही आणि ज्वारी असं तिन्ही घ्यावं. पारण्याला मात्र फार चूक होते. नऊ दिवस तेल-तुपाविना गेलेल्या पोटावर एकदम शिरा-पुरी नको. पहिल्या दिवशी मुगाचं पाणी, मऊ खिचडी, चमचाभर तूप. बाकी हळूहळू.

---

बांगडा_मडगाव | गुरु, ०३/०७/२०२५ - १९:५०

गोव्यातल्या कॅथलिकांचा नियम त्यामानाने सुटसुटीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एक पूर्ण जेवण आणि दोन लहान, दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढी न होणारी. मांस नाही, मासे चालतात. अवांतर झालं, पण लहान जेवण किती लहान हे नियमातच सांगितलेलं मला फार आवडतं.

---

शेवंती | शुक्र, ०४/०७/२०२५ - ०९:१०

सगळ्यांचे आभार. चंद्रभागाताई, तुमचा मुद्दा घेतला. एकादशी सुटली असं मानू. पण दुसरा प्रश्न राहिला: श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल (डाळी-कडधान्यं) वर्ज्य. ही चार व्रतं पाळणाऱ्या घरांत (माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या परंपरेतल्या घरांत विशेषतः) महिनाभर एक गट जातो.

---

पिंपळपान | शुक्र, ०४/०७/२०२५ - १०:०५

या योजनेतली एक गोष्ट बघा. चारही गट एकदम कधीच जात नाहीत. एक जातो तेव्हा उरलेले तीन असतात, आणि शेजारची वाटही मोकळी ठेवलेली आहे: दह्याच्या महिन्यात ताक चालतं, दुधाच्या महिन्यात दही-ताक चालतं. त्यामुळे त्या दोन महिन्यांची मला चिंता वाटत नाही. खरे कठीण श्रावण आणि कार्तिक. ‘शाक’ म्हणजे फक्त पालेभाजी की सगळीच भाजी, यावर घरागणिक मत वेगळं आहे, आणि पोषणाचा सगळा फरक तिथेच पडतो.

---

आहार_मिरज | शुक्र, ०४/०७/२०२५ - ११:३०

नेमकं. पालेभाजीच सोडणाऱ्यांनी १०० ग्रॅमची जागा लाल भोपळा, गाजर, शेवग्याच्या शेंगा, भेंडी यांनी भरायची, म्हणजे भाजी ४०० ग्रॅमच राहील. काहीच हरकत नाही.

सगळी भाजी सोडणाऱ्यांनी मूग-मटकीला मोड आणावेत. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड आले की तयार होतं. ८ तास भिजवणं, पाणी काढून फडक्यात १२ ते १८ तास. मोड अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे पुरे. एक वाफ द्या, पावसाळ्यात कच्चे नकोत. जे फळ तुमच्या नेमात बसतं ते दुप्पट करा. फळाला मार्गदर्शिकेत १०० ग्रॅमच आहेत, २०० ने बिघडत नाही.

आश्विनात दही-ताकही न घेणारे असतील तर कॅल्शियमसाठी नाचणी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. सोबत दोन चमचे न सोललेले तीळ. बी-१२ मात्र दुधाशिवाय शाकाहारात मिळणार नाही, ते आधीच कमी असणाऱ्यांनी या महिन्यात गोळी चुकवू नये.

कार्तिक: डाळ गेली तरी दूध परत आलेलं असतं. २५० ग्रॅम धान्यातून २५ ग्रॅम प्रथिनं, ५०० मिलि दुधा-दह्यातून १६, तीळ आणि बदाम-अक्रोड मिळून ३५ ग्रॅममधून ६. भागतं. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, एरवी ते डाळ भरून काढते. या महिन्यात ते काम दुधाचं, म्हणून दूध-दही दर जेवणाबरोबर थोडं थोडं घ्या, रात्री एकदम नको. शेंगदाणाही द्विदल म्हणून सोडणाऱ्यांसाठी वरचा हिशेब दाण्यांशिवायच केला आहे.

---

मुक्काम_धुळे | शुक्र, ०४/०७/२०२५ - १२:१०

ऋषिपंचमीची भाजी कुणीच काढली नाही? अळू, माठ, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, लाल भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एकत्र, तेलाशिवाय. ४०० ग्रॅम भाजीचं सूत्र एका वाडग्यात.

---

सुगरण_नाशिक | शुक्र, ०४/०७/२०२५ - १२:३५

अगदी! अळूला चिंच विसरू नका, नाहीतर घशाला खाज सुटते. सुरणालाही तेच.

---

चंद्रभागा | शुक्र, ०४/०७/२०२५ - १४:२०

आहार_मिरज, कार्तिकाचा हिशेब पटला. सलग महिन्याच्या व्रताला असं नियोजन हवंच, तिथे माझा विरोध नाही.

वारीतल्यांसाठी एक विचारते. ज्येष्ठ वद्य एकादशी वाटचालीतच येते, आणि माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा तिच्या आसपास पडतो. सुमारे ३० किलोमीटर चाल आणि वाटेत दात्यांकडून केळी, चहा, साबुदाणा, चिक्की. या दिवशी काय द्यावं आणि काय देऊ नये?

---

आहार_मिरज | शुक्र, ०४/०७/२०२५ - १५:०५

त्या दिवशी पिष्ट आणि साखर चालेल, चालणाऱ्याला ती लागतेच. दिवसभर बसून असणाऱ्याची खिचडी आणि घाट चढणाऱ्याची खिचडी यांचा हिशेब एक नाही. धोका पाणी आणि मीठ कमी पडण्याचा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा सैंधव. चमचा चहाचा आणि सपाटच. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. सोबत शेंगदाणा-गूळ, केळं, ताक. ताक उन्हात ठेवलेलं नको. खिचडी सकाळी करून दुपारपर्यंत झाकून ठेवायची नाही, वाटप दोन तासांत संपवा. चहा द्या, पण पाण्याच्या जागी नको.

---

शेवंती | शुक्र, ०४/०७/२०२५ - १६:४०

रविवारसाठी मी हे ठरवते आहे, कुणाला खटकत असेल तर सांगा. सकाळी दूध आणि एक फळ. दुपारी राजगिऱ्याचं भोपळा-थालीपीठ, काकडीची कोशिंबीर दही-कुटाची. चारला ताक आणि मूठभर भाजलेले दाणे. रात्री सुरणाची भाजी, वरीचा भात, दाण्याची आमटी. सोमवारी पारण्याला वरण-भात आणि अळूची पातळ भाजी.

---

सुगरण_नाशिक | शुक्र, ०४/०७/२०२५ - १७:०२

आमटीत दाणे, कोशिंबिरीत कूट, थालीपिठात कूट आणि चारला पुन्हा दाणे. ३० ग्रॅम सकाळीच वाटीत काढून ठेवा आणि त्यातूनच सगळीकडे वापरा, नाहीतर नकळत ८० वर जातं आणि रात्री पित्त.

---

पिंपळपान | शुक्र, ०४/०७/२०२५ - १७:३०

पारणं द्वादशी संपायच्या आत, पण हरिवासर टळल्यावर. हरिवासर म्हणजे द्वादशीचा पहिला चतुर्थांश. नेमकी वेळ आपल्या गावच्या पंचांगात बघा.